बटण बंद करायचं, पण कुठं?

गाडीच्या डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, गुडघ्याच्या जरा वर एक छोटं बटण असतं. त्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र, आणि चाकांमागं दोन नागमोडी रेघा. घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक मदत बंद करायचं हे बटण. नवी गाडी ताब्यात देताना शोरूममधला पोरगा सनरूफ उघडून दाखवतो, मोबाईल कसा जोडायचा ते दाखवतो. या बटणाकडं तो बोटसुद्धा करत नाही.

माझ्या भाच्यानं ते बटण गेल्या जुलैत ज्योतिबाच्या रस्त्यावर दाबलं. रात्रीचे साडेदहा, पाऊस नुकताच थांबलेला, गाडीत आणखी तिघं. बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं, पिवळा दिवा लागला, पोरांनी आरडाओरडा केला. पुढच्या डाव्या वळणात वेग जास्त झाला असं वाटून त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला आणि गाडीची मागची बाजू सुटली. गाडी अर्धी फिरली आणि कडेच्या चरीत जाऊन बसली. कुणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन घेऊन गेलो तेव्हा चरीच्या पलीकडं काय आहे ते उजेडात दिसलं, आणि मी तिथंच दगडावर बसलो.

घरी आल्यावर आक्का म्हणाली, “ते बटण उपटूनच टाक बघ. नसतंय काहीतरी देऊन ठेवलंय.” भाच्याचा मित्र गाडी बघायला आला होता. तो हळूच मला म्हणाला, “मामा, इलेक्ट्रॉनिक्सवर कोण पण चालवतंय. बंद करून चालवणारा तो खरा ड्रायव्हर.”

मला दोघांचंही पटलं नाही, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. माझं म्हणणं सरळ आहे. रस्त्यावर ही सगळी मदत चालूच असली पाहिजे, कायम, प्रत्येक गाडीत. आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्यानं आयुष्यात एकदा तरी ती मदत बंद करून गाडी चालवलेली असली पाहिजे: बंद ट्रॅकवर, मोकळ्या जागेत, शेजारी शिकवणारा बसलेला असताना. या दोन वाक्यांत मला विरोध दिसत नाही. दुसरं केलं नाही तर पहिल्याची किंमत कळत नाही, असं माझं मत आहे.

ही मदत नेमकी काय करते ते आधी बघू. चाकाची रस्त्यावरची पकड म्हणजे एक भाकरी समजा. ब्रेक तीच भाकरी खातो, वळण तीच खातं, ॲक्सिलरेटरही तीच खातो. दुसरी भाकरी नाही. पाऊस पडला की तीही बरीच लहान होते. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक पूर्ण दाबला, चाक जाम झालं, की सगळी भाकरी ब्रेकनं खाल्ली. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, वळणाच्या वाट्याला तुकडा उरलेला नसतो आणि गाडी सरळ जाते. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चाकाचा वेग सेन्सरवर मोजतं, चाक जाम होतंय असं दिसलं की त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं, परत धरतं, सेकंदाला कित्येक वेळा. त्यामुळं चाक फिरत राहतं आणि वळणासाठी थोडी भाकरी शिल्लक राहते. बॉश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. पुढं १९९५ मध्ये त्याच घराण्याच्या गाडीत ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, आलं. ते एक पायरी वर आहे. तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय याचा मेळ ते सतत बघतं. मेळ बसला नाही की चारांपैकी एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणतं. असा एका चाकाचा ब्रेक माणसाला लावताच येत नाही, कारण आपल्या पायाखाली पेडल एकच आहे.

१९९७ मध्ये स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास अचानक डावी-उजवी वळवताना उलटली. त्यानंतर कंपनीनं त्या गाडीत ईएसपी सरसकट बसवलं, आणि जी गोष्ट श्रीमंतांच्या गाड्यांपुरती होती ती छोट्या गाड्यांत यायला लागली. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेनं केलेल्या अभ्यासात, एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका या यंत्रणेमुळं निम्म्याच्या आसपास खाली आल्याचं दिसलं. आपल्याकडं एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींनाही. गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या भारत एनसीएपीमध्ये तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी, म्हणजे ईएसपीचंच दुसरं नाव, लागतंच. ज्या देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, तिथं या यंत्रणांना नावं ठेवायची माझी छाती नाही. मी स्वतः करूळच्या घाटात त्यांच्यामुळं वाचलोय. जुलै महिना, धुकं, वळणाच्या पलीकडं बंद पडलेला ट्रक, मागं ना दगड ना फांदी. मी ब्रेकवर उभाच राहिलो, पायाखाली खडखड झाली आणि गाडी ट्रकच्या बाजूनं वळली. एबीएस नसतं तर मी त्या ट्रकच्या फाळक्याखाली असतो.

आता आक्काची गोष्ट. ती शिक्षिका आहे, रोज स्वतः गाडी चालवत इचलकरंजीला जाते, कोल्हापूरच्या कुठल्याही पुरुषाइतकी चांगली चालवते. दोन वर्षांपूर्वी हातकणंगल्याच्या अलीकडं तिच्यापुढं म्हैस आडवी आली. तिनं जोरात ब्रेक दाबला. पुढं काय झालं ते तिच्याच शब्दांत: “पायाखाली किरर्र करून कायतरी तुटल्यासारखं झालं, म्हणून मी पाय काढला.” एबीएसचं काम सुरू झालं, पेडल थरथरलं, आणि गाडी मोडली समजून तिनं नेमक्या त्या क्षणी ब्रेक सोडला. म्हैस हलली म्हणून आरशावर निभावलं. गाडीतली यंत्रणा शाबूत होती, कामाला लागलेली होती, आणि ती काय आहे हे न कळल्यामुळं चालवणारीनं ती स्वतःच्या पायानं बंद केली. अशी किती माणसं असतील? वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या ओळखीच्यांना मी विचारलं. बऱ्याच जणांनी आयुष्यात एबीएसची ती खडखड कधी अनुभवलेलीच नाही. मी लायसन्सची परीक्षा दिली तेव्हा आठचा आकडा काढला, रिव्हर्स घेतला, हात दाखवला. “पूर्ण ब्रेक मारून दाखव” असं कुणी म्हटलं नाही.

म्हणून मी ट्रॅककडं वळलो. कोल्हापूरच्या जवळपास मोठं, कायमचं रेसिंग सर्किट नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट २०११ मध्ये झालं, पण इथून तिकडं गाडी घेऊन जाणं म्हणजे वारीच. आम्ही तिघं मित्र चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला गेलो. ते सर्किट १९९० पासूनचं, पावणेचार किलोमीटरच्या आसपास लांबीचं. इथून हजारेक किलोमीटर पडतं. आपली गाडी सर्किटवर चालवायच्या दिवसाला ट्रॅक डे म्हणतात. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथं नंबर काढत नाहीत. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्यानं हात दाखवल्यावर. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी, लाल दिसला की सगळ्यांनी हळूहळू आत. हेल्मेट सक्तीचं. गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळं काही मोडलं तर खर्च आपल्या खिशातून. हे सगळं सकाळच्या बैठकीत स्पष्ट सांगतात.

सकाळची दोन सत्रं मी सगळी मदत चालू ठेवून चालवलं. मला वाटत होतं, छान जमतंय. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकानं दुसऱ्या सत्रानंतर विचारलं, तो पिवळा दिवा किती वेळा लागला? मी म्हटलं, कुठला दिवा? तो म्हणाला, शेवटच्या फेरीत सात वेळा लुकलुकला. म्हणजे एका फेरीत सात वेळा गाडी माझ्या हातून निसटायला निघाली होती, सात वेळा यंत्रणेनं ती धरली, आणि मी काचेतून पुढं बघत स्वतःवर खूश होतो. मीटरच्या कोपऱ्यातला तो दिवा मी बघितलाच नव्हता.

तिसऱ्या सत्रात त्यानं बटण दाबायला सांगितलं. वेग कमी ठेवायचा, म्हणाला, सकाळपेक्षा बराच कमी. पहिल्या दोन फेऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत एका लांब उजव्या वळणात मला गाडी बाहेर जातेय असं वाटलं आणि मी ॲक्सिलरेटर झटक्यात सोडला. गाडीचा भार पुढं गेला, मागची चाकं हलकी झाली, मागचा भाग डावीकडं निघाला. स्टिअरिंग उलटं फिरवायला मला उशीर झाला. डोळ्यांपुढून गवत, मग कठडा, मग परत ट्रॅक असं फिरत गेलं आणि गाडी गवतात थांबली. इंजिन बंद. गरम टायरचा वास. प्रशिक्षक शांतपणे म्हणाला, सकाळपासून प्रत्येक फेरीत तुम्ही हेच करताय. आता कळलं?

कळलं होतं. त्या दिवशी मी पुढच्या सत्रांत एवढंच शिकलो: वळणात पाय एकदम उचलायचा नाही, ब्रेक सरळ पट्ट्यावर मारून संपवायचा, आणि वळताना पाय असा हलवायचा की पुढं बसलेल्या माणसाची मान डुलू नये. चौथ्या सत्रानंतर मदत परत चालू केली. दिवा आता एका फेरीत एकदाच लागला, आणि या वेळी तो मला दिसला. ट्रॅकवर मदत बंद करण्याचा फायदा मला हाच वाटतो. यंत्रणा चूक झाकते. तिनं झाकावी, त्यासाठीच ती आहे. पण जिथं चूक महाग पडत नाही अशा जागी ती एकदा उघडी दिसायला हवी.

एक व्यवहाराची बाब यातच सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. मदत चालू ठेवून ट्रॅकवर जोरात फिरलं की यंत्रणा सारखी एकेका चाकाचा ब्रेक लावत राहते आणि ब्रेक भयंकर तापतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डीओटी ४ दर्जाचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पण पाणी शोषलेल्या तेलासाठी तोच निकष १५५ वर येतो. तेल उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. कोल्हापूरच्या पावसात दोन-तीन वर्षं काढलेलं तेल घेऊन ट्रॅकवर जाऊ नका. करूळ किंवा आंबा घाट उतरायचा असेल तरीसुद्धा नाही.

आता एबीएस. इथं मला पोरांना हात जोडून सांगायचंय. एबीएस बंद करायचं बटण साध्या गाडीत नसतं, म्हणून काही जण फ्यूज काढतात, त्याचे व्हिडिओही फिरतात. आजच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक कसा वाटायचा हेही त्याच यंत्रणेकडं असतं. जुन्या गाड्यांत त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असायचा, आता बहुतेक ठिकाणी तो काढून टाकलेला आहे. फ्यूज काढला की मागची चाकं आधी जाम होऊ शकतात, आणि मागची चाकं आधी जाम झालेली गाडी फिरतेच. म्हणजे तुम्हाला जुन्या काळची साधी गाडी मिळत नाही. जिचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक्स धरूनच आखलेले आहेत अशी गाडी तुम्ही अर्धवट मोडून चालवता. ब्रेकची ओढ पायाला शिकवायची असेल तर जुनी मारुती ८०० शोधा, किंवा गो-कार्टमध्ये बसा.

फॉर्म्युला वनच्या इतिहासातही हे दिसतं. १९९३ ची विल्यम्स संघाची गाडी इलेक्ट्रॉनिक्सनं भरलेली होती: इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन, चाक जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस. १९९४ पासून हे सगळं बंद झालं, आणि त्या मोसमाच्या सुरुवातीला गाड्या सांभाळायला अवघड झाल्या. इमोलाच्या शर्यतीच्या त्या शनिवार-रविवारी रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे दोन ड्रायव्हर अपघातांत गेले. त्यांच्या अपघातांची कारणं वेगवेगळी होती आणि त्यांचा या बंदीशी मी सरळ संबंध जोडणार नाही. मला एवढंच दिसतं की ज्या मदतीच्या भरवशावर गाडी आखलेली असते ती मदत काढायची तर गाडी नव्यानं आखावी लागते. ट्रॅक्शन कंट्रोल पुढं २००१ मध्ये परत आलं आणि २००८ मध्ये सगळ्या संघांना एकच इलेक्ट्रॉनिक युनिट देऊन पुन्हा बंद झालं.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार पुरावा नॉर्वेतून येतो, आणि तो वाचल्यावर मी बरेच दिवस गप्प होतो. तिथं नव्या ड्रायव्हरांना निसरड्या ट्रॅकवर गाडी चालवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. घसरलेली गाडी कशी सावरायची ते शिकवायचे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं की हे प्रशिक्षण घेतलेल्या तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यांवरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. पोरांना वाटलं, आता आपल्याला जमतं, आणि ती जोरात चालवायला लागली. म्युनिकमध्ये टॅक्सींवर केलेला एक अभ्यास याच जातीचा आहे. काही टॅक्सींना एबीएस, काहींना नाही, बाकी गाड्या सारख्या. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झाले नाहीत. त्या ड्रायव्हरांनी वाढलेली सुरक्षितता वेगात आणि उशिरा मारलेल्या ब्रेकात खर्च केली होती.

हे दोन अभ्यास एकत्र ठेवले की एक गोष्ट उघड होते. मदत दिली तरी माणूस माजतो, आणि मदतीशिवाय चालवायला शिकवलं तरी माजतो. मग काय शिकवायचं? स्वीडनमधल्या एका प्रयोगानं मला वाट दाखवली. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. शिकाऊ ड्रायव्हरांचे दोन गट केले. निसरड्यावर ब्रेक मारून अडथळा चुकवायचा होता. एका गटाला अर्धा तास कौशल्य शिकवलं: असं कर, तसं कर, जमलं बघ. दुसऱ्या गटाला त्याच अर्ध्या तासात दाखवलं की आपल्या हातात किती कमी आहे, आज जमलं ते उद्या जमेलच असं नाही. आठवड्यानंतर दोन्ही गटांची परीक्षा घेतली. प्रत्यक्ष कौशल्यात फरक नव्हता. फरक अंदाजात होता. पहिल्या गटाला आपण फार भारी आहोत असं वाटत होतं.

नॉर्वेचा पुरावा मी नाकारत नाही, माझ्या मतातच घेतो. मदत बंद करून चालवण्याचा दिवस हा ड्रिफ्ट मारायला, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवायला, शिकवण्याचा दिवस असता कामा नये. तो गाडी सुटते कधी हे कळण्याचा दिवस असावा, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा ती फार आधी सुटते हे कळण्याचा. प्रशिक्षक निवडताना मी आता हेच बघतो. “मी तुला गाडी फिरवायला शिकवतो” असं म्हणणाऱ्याकडं पोरगा पाठवायचा नाही.

भाच्याला मी याच कारणासाठी आधी चेन्नईला नेलं नाही. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा गो-कार्टचा ट्रॅक आहे, तिथं नेलं. कार्टसारखा प्रामाणिक शिक्षक नाही. मागचा ॲक्सल एकसंध, वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नाही, साधारणपणे ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि मदत म्हणून काहीही नाही. बूड जमिनीपासून चार बोटं वर. वळणात ब्रेक दाबला की कार्ट फिरते, तिथंच, लगेच. पोरगा पहिल्या दहा मिनिटांत तीनदा फिरला. तिसऱ्यांदा टायरच्या थप्पीला जाऊन टेकला आणि ट्रॅकवरच्या माणसानं ढकलून बाहेर काढला. सत्र संपल्यावर तो हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसला. हात कोपरापासून थरथरत होते, कार्टचं स्टिअरिंग ओढून ओढून. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, ज्योतिबाला मी हेच केलंतं न्हवं?”

मी त्या रात्रीपासून त्याला एक शब्द रागावलो नव्हतो. त्या क्षणी बरं वाटलं की रागावलो नव्हतो.

हे सगळं कोल्हापुरात लिहिण्याचं कारण आहे. अंगातल्या जोराला जागा आणि शिस्त द्यावी लागते हे या गावाला कुणी वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान १९१२ साली उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमी होत्याच. तालमीत वस्ताद पोराला पहिल्या दिवशी जोडीत धरत नाही. आधी माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो, मग पडायचं कसं ते शिकवतो. हौद्यातली तांबडी माती मऊ असते, कारण पोरगं तिथं शंभरदा पडणार हे गृहीत धरलेलं असतं. गाडीच्या बाबतीत आपण पोराला अठराव्या वर्षी लायसन्स देतो, शंभर अश्वशक्तीची गाडी देतो, आणि पडायची मऊ जागा कुठंच देत नाही. मग ते वाघबीळच्या घाटात पडतं, नाहीतर हायवेवर. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा योग्यच आहे, कडक राबवला पाहिजे. पण “इथं नको” असं सांगणाऱ्याला “मग तिकडं जा” असं बोट दाखवता आलं पाहिजे.

कोइमतूरकडं बघा. तेही आपल्यासारखं फाउंड्र्यांचं, पंपांचं, लेथवर वाढलेलं गाव. तिथल्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती गाडी बनवली, आणि तसल्या परवडणाऱ्या गाड्यांमुळं भारतातली किती तरी पोरं सिंगल-सीटरमध्ये, म्हणजे एकाच माणसाच्या शर्यतीच्या गाडीत, बसली. ते १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. २००३ मध्ये तिथं त्यांच्या नावाचा करी मोटर स्पीडवे झाला, दोन किलोमीटरच्या आसपासचा. देशाचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर, नरेन कार्तिकेयन, २००५ साली त्याच गावातून पुढं आला. आपल्या उद्यमनगरात आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हातांची कमतरता नाही. गाड्यांचे, ट्रॅक्टरचे भाग ओतणारी आणि घासणारी माणसं इथंच आहेत. कमी आहे ती जागेची, आणि ही गरज आहे असं मोठ्यानं म्हणणाऱ्याची.

सर्किट बांधायला कोट्यवधी लागतात, ती मागणी मी आज करत नाही. साधा हिशेब मांडतो. ताशी ४० च्या वेगानं ओल्या, गुळगुळीत काँक्रीटवर पूर्ण ब्रेक मारला तर गाडी पंधरा-वीस मीटरमध्ये थांबते. म्हणजे शंभर मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद सपाट जागा, पाण्याचा एक टँकर आणि प्लास्टिकचे तीसेक कोन एवढ्यावर एबीएसची खडखड आक्कासारख्या प्रत्येकाच्या पायाला कळू शकते. त्या वेगात गाडी फिरली तरी धडकायला काही नसतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रत्येक शिकाऊ माणसाला इथला एक तास सक्तीचा करावा. त्या तासात तीन गोष्टी: सगळी मदत चालू ठेवून पूर्ण ब्रेक, तसाच ब्रेक मारत कोन चुकवणं, आणि बटण बंद करून, शेजारी शिकवणारा बसलेला असताना, तेच वळण कमी वेगात. जिला ईएसपीचं बटणच नाही अशा गाडीत पहिल्या दोनच. दुचाकीवाल्यांचा तास वेगळा, वेगही कमी, कारण पडल्यावर त्यांच्याभोवती पत्रा नसतो.

अशी जागा आपल्या जिल्ह्यात आहे, एक नाही, कितीतरी आहेत. साखर कारखान्यांची यार्डं. नोव्हेंबर ते मार्च तिथं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, पाय ठेवायला जागा नसते. गळीत संपलं की पावसाळाभर ती पटांगणं मोकळी पडून असतात, काहींत चांगलं काँक्रीट केलेलं आहे, कुंपण आहे, गेटवर वॉचमन आहे. आणि पाऊस फुकट आहे, टँकरचीही दरवेळी गरज नाही.

एका कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना मी गेल्या आठवड्यात पत्र दिलंय. सप्टेंबरमधला एक रविवार मागितलाय, सकाळी सात ते अकरा. रुग्णवाहिका उभी ठेवण्याचं आणि प्रत्येकाकडून लेखी संमती घेण्याचं पत्रात लिहिलंय. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे दोघं यायला तयार आहेत. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी त्यांची जुनी ८०० ब्रेक नवे करून द्यायचं कबूल केलंय, फ्यूज काढायचा मोह कुणाला होऊ नये म्हणून. यादीत आतापर्यंत अकरा नावं आहेत. पहिलं नाव आक्कानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, त्याखाली भाच्याचं, आणि त्याखाली “खरा ड्रायव्हर” म्हणणाऱ्या त्या पोराचं.